लऊळचा मुक्काम : मराठी साहित्यातील अपंगत्वाचा विचार

१

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' या ग्रंथातील कूर्मदासांची कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचे माहात्म्य कानी पडले आणि विठ्ठलाच्या भेटीची ओढ लागून ते सरपटत पंढरीच्या वाटेला लागले. वाटेतल्या लोकांनी घास भरवला, पाणी पाजले. अशा रीतीने ते माढे परिसरातील लऊळपर्यंत येऊन पोहोचले. एकादशी तोंडावर आली तेव्हा उरलेले अंतर आपल्या शरीराला कापता येणार नाही हे त्यांनी ओळखले आणि यात्रेकरूंबरोबर विठ्ठलाला निरोप धाडला. निरोप मिळताच विठ्ठल पंढरी सोडून लऊळला निघाला. देव सावता माळ्याच्या उदरात लपल्याची प्रसिद्ध कथा याच प्रवासात, वाटेवरील अरण येथे घडते. लऊळला आजही कूर्मदासांचे मंदिर आहे.

परंपरेने ही कथा भक्तीच्या उत्कटतेचा दाखला म्हणून सांभाळली आणि ते योग्यच झाले. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा नजरेआड होते. कूर्मदास लऊळपर्यंत आले. उरलेले अंतर देव चालून आला. या कथेत भक्ताला हातपाय फुटत नाहीत. शरीर जसे होते तसेच राहते. जागा बदलतो तो देव. भेट घडते ती भक्ताने अशक्य ते शक्य करून दाखविल्यामुळे नव्हे, तर ज्याच्याकडे चालण्याचे सामर्थ्य होते त्याने चालण्याचे ठरविले म्हणून.

याच परंपरेत दुसरी एक प्रतिमा अधिक प्रतिष्ठित आहे. मुक्याला वाचाळ करणारी आणि पंगूकडून पर्वत ओलांडून घेणारी ईश्वरी कृपा ही ती प्रतिमा. गीतापठणाच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या ध्यानश्लोकांमुळे ती घरोघर पोहोचली आहे. येथे पर्वत जागचा हलत नाही. बदलावे लागते ते पंगूला. त्याच्या उणिवेचे रूपांतर चमत्कारात झाले म्हणजे कृपा सिद्ध होते.

गिरिलंघन आणि लऊळचा मुक्काम या अपंगत्वाकडे पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत. पहिल्या रीतीत समाज स्थिर असतो आणि व्यक्तीने त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते. दुसऱ्या रीतीत अंतर दोघांमध्ये वाटून घेतले जाते. मराठी साहित्याने अपंग व्यक्तीचे जे चित्रण केले त्याचा मागोवा घेतला असता, पहिल्या रीतीने बहुतांश जागा व्यापल्याचे दिसते. दुसरी रीत मधूनमधून, आणि तीही स्वतः अपंग असलेल्या लेखकांच्या लेखनात अधिक स्पष्टपणे, वर येते. या दोन रीतींतील फरक ओळखणे हे समीक्षेचे काम आहे. कारण तो ओळखला नाही तर करुणेलाच समावेश समजण्याची चूक होते.

२

मराठी गद्याच्या आरंभकाळातच अंध व्यक्ती येते, परंतु ती दृष्टान्त म्हणून येते. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले. त्यांतील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त पाठ्यपुस्तकांमुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रत्येक जण हत्तीच्या एकेका अवयवाला हात लावतो आणि तोच पूर्ण हत्ती मानतो. अंशाला पूर्ण समजण्याच्या मानवी प्रवृत्तीवर याहून नेमके भाष्य क्वचितच सापडेल. दृष्टान्ताचे प्रयोजन तत्त्वबोधाचे आहे. त्याला अंधांच्या जीवनाचा तपशील मागणे अन्यायाचे होईल. तरीही एवढे नोंदवावे लागते की, येथे अंधत्व हे अज्ञानाचे चिन्ह आहे. हाताने चाचपून जग जाणणाऱ्या माणसाचे ज्ञान किती सूक्ष्म असू शकते, हा प्रश्न दृष्टान्ताच्या कक्षेत येत नाही.

म्हणींनी हेच चिन्ह व्यवहारात रुजविले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. आंधळा एक डोळा मागतो आणि देव दोन देतो. या म्हणी बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा असतो असे नाही. बहुतेक वेळा त्यांचा रोख अपंगांवर नसून गैरव्यवस्थेवर, अल्पज्ञांच्या मेळ्यावर किंवा अनपेक्षित लाभावर असतो. पण अनवस्थेचे, हास्यास्पदतेचे आणि याचनेचे माप म्हणून जो देह वापरला जातो तो ठरावीकच असतो. पहिल्याच म्हणीत जे आंधळे दळते ते काम करीत असते, जात्यावर बसून घरासाठी पीठ काढीत असते. म्हणीचे लक्ष मात्र त्या कामाकडे नसून वाया जाणाऱ्या पिठाकडे आहे. कुत्र्याला हाकलणे हे घरातल्या डोळस माणसांचे काम होते, हे म्हण सुचवूनही सांगत नाही.

भाषेतील या साठ्याची दखल घेणे म्हणजे म्हणी बाद करण्याची मागणी करणे नव्हे. लेखकाच्या हाती आयते आलेले हे चिन्ह तो डोळसपणे वापरतो की सवयीने, एवढेच तपासावयाचे असते. आधुनिक मराठी कथा-कादंबरीत अंध भिकारी, मुका नोकर, कुबडा खलपुरुष, पांगळी बहीण ही पात्रे जेथे जेथे वातावरणनिर्मितीपुरती येतात, तेथे दृष्टान्ताची रीत तत्त्वबोधाशिवाय चालू राहिलेली असते. पात्र उभे राहत नाही; त्याची व्यथा दुसऱ्या कोणाच्या तरी मनाची कोमलता किंवा कठोरता दाखविण्यासाठी खर्ची पडते.

३

स्वातंत्र्योत्तर काळात या परिस्थितीला मोठा धक्का दिला तो एका साहित्यबाह्य कृतीने. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि त्यानंतर वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. गावाने, घराने आणि नात्याने टाकलेली माणसे तेथे विहिरी खणू लागली, शेती करू लागली, घरे बांधू लागली. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, हे आनंदवनाचे मध्यवर्ती सूत्र होते. 'ज्वाला आणि फुले' (१९६४) या संग्रहाने तोच विचार मराठी कवितेत आणला. करुणेचा विषय असलेला माणूस येथे प्रथमच कर्ता म्हणून उभा राहिला, हे या लेखनाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

तथापि आनंदवनावर मराठीत जे विपुल लेखन झाले, त्यातील बराचसा भाग द्रष्ट्या संस्थापकाच्या महत्तेभोवती फिरतो. ते स्वाभाविक असले तरी त्याचा एक परिणाम झाला. आनंदवन हे माळरानावर फुललेले नंदनवन म्हणून वाचले गेले. ते ज्यांनी माणसांना हाकलले त्या गावांविरुद्धचे आरोपपत्रही आहे, ही बाजू वाचकाच्या मनात मागे पडली. बाहेरच्या गावाने दार उघडे ठेवले असते तर वेगळे गाव वसविण्याची वेळ आली नसती. संस्था जितकी तेजस्वी, तितके समाजाला निश्चिंत होणे सोपे जाते. 'त्यांच्यासाठी तिकडे सोय आहे' या वाक्याने तो आपला उंबरठा होता तसाच ठेवतो.

नाटकाच्या क्षेत्रात जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे या विषयावरील महत्त्वाचे नाटक होय. मतिमंद मुलगा बच्चू आणि त्याचे मध्यमवर्गीय आईवडील यांचे हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर गाजले. अतुल परचुरे यांनी साकारलेला बच्चू प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. दळवींची थोरवी अशी की, त्यांनी आईवडिलांना संत केले नाही. थकवा, चिडचीड, परस्परांविषयीचा संशय, मुलावरील माया आणि त्याच मायेचे ओझे हे सारे त्यांनी एकाच घरात मांडले. 'आमच्यामागे याचे कसे होणार' ही चिंता ज्या घरांत वर्षानुवर्षे मनातच राहत होती, तिला या नाटकाने रंगमंचावर उच्चार दिला.

पण नाटकातील प्रश्न बच्चूविषयीचे आहेत. ते बच्चूचे नाहीत. त्याला काय हवे असेल, त्याचा दिवस त्याला कसा वाटत असेल, हे जाणण्याची वाट नाटकाला सापडत नाही, आणि कदाचित त्या रचनेत ती सापडणेही शक्य नव्हते. हा दळवींचा दोष नाही. ज्या समाजात मतिमंद मुलाची सर्व जबाबदारी दोन माणसांच्या खोलीत कोंडलेली आहे, तेथे नाटकही त्या खोलीतच घडणार. शेजारी, शाळा, कामाची जागा, शासन यांपैकी कोणीही त्या खोलीकडे चालून येत नाही, हेच 'नातीगोती'चे न बोललेले दुःख आहे.

४

दृष्टान्त, कविता आणि नाटक या तिन्हींत अपंग व्यक्तीविषयी दुसऱ्याने बोलावे लागत होते. नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्राने ही स्थिती पालटली. किशोरवयात मणक्याच्या विकारामुळे कमरेखालचा भाग निकामी झालेली कोल्हापूरची मुलगी, आजारातून आलेली पराकाष्ठेची निराशा, स्वतः अपंग असूनही स्वावलंबी आयुष्य जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट, शिक्षण, केंद्रीय अबकारी खात्यातील नोकरी आणि १९८४ साली स्थापन झालेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था, असा या जीवनाचा क्रम आहे. उचगावचे 'घरौंदा' हे वसतिगृह, 'समर्थ' ही शाळा आणि सिंधुदुर्गातील काजूप्रक्रियेचा उद्योग ही त्या संस्थेची पुढची वाटचाल.

या पुस्तकाच्या शीर्षकापाशीच थांबावयास हवे. जिद्द, भरारी, झेप, अग्निदिव्य अशा शब्दांची या लेखनप्रकारात रेलचेल असते. येथे मात्र शीर्षक एका वस्तूचे आहे. तीही इंग्रजी नावाने नव्हे, तर स्वयंपाकघरातील माणसालाही लगेच कळेल अशा मराठी शब्दांत. चाक आणि खुर्ची या दोन सामान्य वस्तू जोडल्या की एका माणसाला बाहेर पडता येते. अपंगत्वाचे नाट्य शरीरातून काढून साधनात आणि वाटेत नेण्याचे काम हे शीर्षक करते. खुर्चीला चाक असले तरी पायरी आली की ते थांबते. मग प्रश्न पायांचा उरत नाही, पायरीचा होतो.

ब्रिटनमधील अपंगांच्या संघटनांनी १९७० नंतरच्या दशकात हाच विचार सैद्धान्तिक रूपात मांडला आणि मायकेल ऑलिव्हर यांनी १९८३ साली त्याला 'सामाजिक प्रतिमान' हे नाव दिले. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे. माणसाला अपंग करतात ते मुख्यतः अडथळे, असे त्याचे सार आहे. हुरजूक यांचे लेखन या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून लिहिलेले नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. बाबूकाकांच्या भेटीचे महत्त्वही याच दृष्टीने समजून घ्यावे लागते. तेथे कोणी धडधाकट उपकारकर्ता येऊन हात देत नाही. त्याच स्थितीतला दुसरा माणूस, अशा शरीराने कसे जगता येते याची व्यवहारी माहिती घेऊन येतो. प्रेरणा हा शब्द त्यासाठी अपुरा आहे; ते ज्ञानाचे हस्तांतर आहे.

अर्थात या आत्मचरित्राला जो मोठा वाचकवर्ग लाभला, त्याने ते गिरिलंघनाची कथा म्हणूनच प्रामुख्याने वाचले. 'एवढे असून त्यांनी इतके केले, मग धडधाकट माणसाला काय अशक्य' अशा स्वरूपाची दाद अशा पुस्तकांच्या वाट्याला नेहमी येते. ही दाद प्रामाणिक असते, परंतु ती पुस्तकाची दिशा उलटी करते. पुस्तक सांगत असते की वाट बदला. वाचक त्यातून स्वतःच्या मनोबलाचा खुराक घेतो आणि वाट तशीच सोडून देतो.

वाट बदलणे म्हणजे काय, याचा सर्वांत सुंदर दाखला मराठी वाचकाला एका अनुवादातून मिळाला आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोहोचले. त्यातील मुख्याध्यापक कोबायाशी शाळेच्या क्रीडादिनाचे खेळच असे योजतात की, वाढ खुंटलेला, आखूड हातापायांचा ताकाहाशी त्यांत पहिला यावा. त्याला सवलत दिली जात नाही, त्याच्यासाठी कोणी मुद्दाम हरत नाही. खेळ असा आखलेला असतो की त्या शरीराचे त्यात बळ ठरावे. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढविण्यासाठी तोत्तोचान शिडी शोधून आणते, हा प्रसंगही त्याच जातीचा. मराठी बालसाहित्यात धाडस पुष्कळ आहे. शिडी आणणारे धाडस मात्र दुर्मिळ आहे.

५

अपंग लेखकाच्या लेखनाचे मोजमाप कशाने करावे, हा प्रश्न समीक्षेने आजवर टाळलेला आहे. पुस्तकाची प्रस्तावना, प्रकाशनाचा समारंभ आणि नियतकालिकांतील परीक्षण या तिन्ही ठिकाणी बहुधा लेखकाच्या धैर्याचा गौरव होतो आणि भाषेविषयी, रचनेविषयी, निवडीविषयी मौन पाळले जाते. हे मौन सौजन्याचे वाटते. वस्तुतः ते वगळणे आहे. ज्याच्या लेखनातील उणीव दाखविण्याचे धाडस होत नाही, त्याला लेखक म्हणून स्वीकारलेलेच नसते.

या संदर्भात सोनाली नवांगुळ यांचे उदाहरण बोलके आहे. बत्तीस शिराळा हे त्यांचे मूळ गाव. बालपणी बैलगाडीच्या अपघातात मणक्याला इजा होऊन त्यांचे पाय निकामी झाले. पुढे काही वर्षे त्यांनी कोल्हापूरच्या 'हेल्पर्स' संस्थेत काढली आणि नंतर संस्थेबाहेर पडून त्या कोल्हापुरात स्वतंत्रपणे राहू लागल्या. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा त्यांनी 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावाने मराठी अनुवाद केला आणि त्याला साहित्य अकादमीचा २०२० सालचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

तमिळ मुस्लिम स्त्रियांचे घराच्या भिंतींआड चाललेले आयुष्य हा या कादंबरीचा विषय. वयात आल्यावर मुलींचे बाहेर जाणे थांबते, उंबरठा हीच सीमा होते. अनुवादिकेच्या आयुष्यातील बंदिस्ततेशी याचा संबंध जोडण्याचा मोह वाचकाला सहज होईल. तो संबंध पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावर भर देणे ही पुन्हा जुनीच चूक ठरेल. अनुवाद टिकतो तो अनुभवाच्या साम्यावर नव्हे, तर भाषेच्या कामगिरीवर. घरातील बायकांच्या कुजबुजीला, टोमण्यांना, नात्यांच्या गुंत्याला मराठीत कोणता स्वर द्यावयाचा. नावे, विधी आणि संबोधने किती ठेवावयाची, किती उकलून सांगावयाची, हे निर्णय अनुवादकाला वाक्यागणिक घ्यावे लागतात. हा पुरस्कार अनुवादासाठी आहे. व्यंगावर मात केल्याबद्दलचा नाही. एका अपंग लेखिकेचे मूल्यमापन इतर अनुवादकांच्या बरोबरीने, त्याच पंक्तीत बसून झाले, हे त्याचे खरे महत्त्व. समावेश या शब्दाचा वाङ्‌मयीन अर्थ यापेक्षा वेगळा असू शकत नाही.

संस्थेतून बाहेर पडून स्वतंत्र राहण्याचा निर्णयही दुर्लक्षिण्याजोगा नाही. संस्थेने माणसाला उभे करावे आणि माणसाने संस्थेपलीकडे गावात जावे, हा क्रम आनंदवनापासून पुढे गेलेला आहे. त्यासाठी मात्र गावात भाड्याने घर मिळावे लागते, दाराशी उतार असावा लागतो, शेजाऱ्याच्या नजरेत कुतूहलापेक्षा शेजारधर्म असावा लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा उरलेल्या अंतराचा येतो.

६

कोल्हापुरात 'हेल्पर्स' संस्था सुरू झाली त्याच १९८४ साली, कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे, अर्थात एच. डी. कोटे, या तालुक्याशी ज्याचे नाव पुढे जोडले गेले असे एक कार्य आरंभले गेले. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांचे सहाध्यायी यांनी 'स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट' ही संस्था स्थापन केली. पुढे केंचनहळ्ळी आणि सरगूर येथे रुग्णालये व होसहळ्ळी येथे आदिवासी मुलांची शाळा उभी राहिली. सरगूर हा आता स्वतंत्र तालुका असला तरी त्या काळी तो एच. डी. कोट्याचाच भाग होता. मराठी साहित्याच्या विवेचनात या कन्नड मुलखाचा उल्लेख अप्रस्तुत वाटू शकेल. परंतु मराठीतील अपंगत्वविषयक लेखन ज्या भूगोलावर उभे आहे त्याची मर्यादा दाखविण्यासाठी नेमका असाच मुलूख उपयोगी पडतो.

एच. डी. कोटे हा बंदीपूर आणि नागरहोळे या अरण्यांच्या काठचा तालुका. १९७३ साली बंदीपूर व्याघ्रप्रकल्पात आले आणि १९७४ साली कबिनी नदीवरील धरण पूर्ण झाले. या दोन्ही घटनांनी अरण्यातील माणसांना जागा सोडावी लागली. मध गोळा करणाऱ्या जेनु कुरुबांच्या आणि इतर आदिवासींच्या वस्त्यांना येथे 'हाडी' म्हणतात. त्या विखुरलेल्या असतात. वाट मातीची, अंतर मोठे, आणि संध्याकाळनंतर हत्तीची धास्ती. अशा हाडीत जन्मतः पाय वळलेले मूल, दृष्टी गेलेली म्हातारी किंवा झाडावरून पडून कंबर गेलेला मधपाळ असेल, तर चाकाची खुर्ची फार उपयोगाची नाही. चाकाला चालण्यासाठी सपाट जमीन लागते. मोठ्या शहरातील उत्तम संस्थाही त्यांच्या उपयोगाची नाही, कारण तेथे जाणे म्हणजे आपली माणसे, भाषा आणि अरण्य सोडणे. विस्थापनाने आधीच उखडलेल्या माणसाला उपचाराच्या नावाने दुसऱ्यांदा उखडणे हा समावेश म्हणता येणार नाही.

येथे एकच मार्ग उरतो आणि तो लऊळचा आहे. सेवेने चालत हाडीपर्यंत जायचे. १९७८ च्या आल्मा आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेली 'समाजाधारित पुनर्वसना'ची कल्पना हेच सांगते. अपंग व्यक्तीला तिच्या घरातून उचलून संस्थेत न नेता, कुटुंब, शेजार, शाळा आणि ग्रामपंचायत यांनाच तयार करावयाचे. काठ्या, पट्टे, व्यायामाची साधने गावात मिळणाऱ्या लाकूड-बांबूतून घडवावयाची. कर्नाटक शासनाने याच विचाराने ग्रामपंचायतीच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ते मानधनावर नेमले, आणि या कामासाठी स्वतः अपंग असलेल्या व्यक्तींची निवड केली. नसीमा हुरजूक यांच्या आयुष्यात बाबूकाकांच्या रूपाने जे योगायोगाने घडले, ते व्यवस्थेच्या रूपाने गावोगाव घडावे असा हा प्रयत्न आहे. मानधन तुटपुंजे असेल, कामाचा व्याप मोठा असेल. तरी दार ठोठावणारा माणूस त्याच वाटेने आलेला असणे, ही गोष्ट दयेच्या जुन्या नात्याला छेद देते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ७० टक्के खेड्यांत राहत होत्या. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाखांवर आणि कर्नाटकात १३ लाखांवर होता. मराठीतील अपंगांची आत्मकथने मात्र बहुतांशी शहरांतून किंवा शहरापर्यंत पोहोचलेल्या माणसांकडून आलेली आहेत. कोट्याच्या हाडीला समांतर अशा वस्त्या मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारात आहेत. तेथील अपंग माणसाचा शब्द मराठी साहित्यात अद्याप आलेला दिसत नाही. ग्रामीण, दलित आणि आदिवासी साहित्याने मराठीचा परीघ वाढविला, पण त्या परिघातही अपंग व्यक्ती बहुधा दुःखाच्या यादीतील एक बाब म्हणूनच राहिली. गिरिलंघनाच्या कथांना एक यशस्वी शेवट लागतो. हाडीतील आयुष्याला तो नसतो, आणि म्हणून ते छापण्यायोग्य वाटत नाही, हे तर त्याचे कारण नसेल?

७

नामांतराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९९५ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी पाठात 'निःशक्त व्यक्ती' असा शब्द होता. २०१६ च्या कायद्याने 'दिव्यांगजन' हा शब्द स्वीकारला, आणि महाराष्ट्र शासनाने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. कायद्यातील बदल केवळ नावाचा नव्हता. ७ प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली, शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्याला अनुसरून कल्याणाची भाषा हक्कांच्या भाषेत बदलली. 'दिव्यांग' या शब्दाबाबत मात्र साहित्याने सावध राहावयास हवे. त्याचा हेतू सन्मानाचा आहे. पण देहात दिव्यत्व पाहणे हीसुद्धा गिरिलंघनाचीच दृष्टी आहे. जो दिव्य आहे त्याच्यासाठी पायरी काढून टाकण्याची गरज कोणाला वाटेल? अपंगांना देवत्व नको असते. बसथांबा, शौचालय, शाळेचा बाक आणि वाचावयास पुस्तक हवे असते.

पुस्तकाचा प्रश्न तर ग्रंथालयांचा आणि साहित्यसंस्थांचा स्वतःचाच प्रश्न आहे. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा अंध वाचकाला वर्तमान घडामोडी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतःच्या बोटांनी वाचता येऊ लागल्या. 'दृष्टान्तपाठा'तील जात्यंधाचा हात येथे अज्ञानाचे चिन्ह राहत नाही, वाचनाचे साधन होतो. भारताच्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तकांची सुलभ रूपे तयार करण्यास मोकळीक दिली, आणि २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत ठरला. कायद्याने वाट मोकळी केली असली तरी मराठीतील अभिजात ग्रंथ, समीक्षा, कोश ब्रेलमध्ये किंवा श्राव्य रूपात आणण्याचे काम फार थोडे झाले आहे. अंध विद्यार्थी मराठी विषय घेऊन पदवीपर्यंत जातो, तो बहुधा मित्रांनी वाचून दाखविलेल्या टिपणांच्या आधाराने. ज्या साहित्याची त्याला परीक्षा द्यावयाची असते, ते त्याच्या हातात आलेलेच नसते.

साहित्यात अपंग व्यक्तीचे चित्रण सुधारावे, एवढीच मागणी म्हणून अपुरी पडते. अपंग व्यक्ती पात्र म्हणून यावी, लेखक म्हणून यावी, वाचक म्हणून यावी आणि समीक्षेचा विषय म्हणून इतरांइतक्याच कठोरपणे तोलली जावी, तेव्हा समावेशाचे वर्तुळ पुरे होईल. 'नातीगोती'ने घराचे दार किलकिले केले, 'चाकाची खुर्ची'ने बोलणारा बदलला, 'मध्यरात्रीनंतरचे तास'ने मोजमाप बदलले. कोट्याच्या हाडीतला किंवा मेळघाटातल्या पाड्यावरचा माणूस अजून बोलावयाचा आहे, आणि त्याने लिहिलेले छापणारा, छापलेले बोटांनी किंवा कानांनी वाचू शकेल अशा रूपात ठेवणारा अजून त्याच्यापर्यंत पोहोचावयाचा आहे.

कूर्मदासांनी लऊळहून पाठविलेल्या निरोपात आपल्याला पाय द्यावेत अशी मागणी नव्हती. आपण येथवर आलो, पुढचे तुम्ही यावे, एवढाच त्याचा आशय होता. मराठी साहित्यव्यवहाराने हा निरोप पुष्कळदा भक्तीचा म्हणून ऐकला आहे. तो आपल्याच नावाचा आहे हे ओळखून निघणे अद्याप बाकी आहे.